उचलबांगडी

पक्षाच्या भाषेत तिला 'नेमणूक' म्हणतात.
जिल्हा समितीचे सचिव स्तामेन द्राग्नेव
भर बैठकीत उठले आणि विचारते झाले :
कागदावर चार हजार टन तंबाखू,
गोदामात दोनच कशी?
कुणी खोकलं. कुणी पाण्याचा पेला सरकवला.
तिसऱ्या आठवड्यात सोफियाहून पत्र :
अभिनंदन, कॉम्रेड राजदूत.

म्हणजे उलानबातर.
उणे तीस. दौत तडकावी अशी थंडी,
आणि वकिलातीत आम्ही सहा जण,
त्यांतली मी टंकलेखिका.

पहिल्या दिवशी ते ओव्हरकोट न काढताच खुर्चीत बसले.
बोटांच्या पेरांत तंबाखूचा काळा चीक,
पोरवयात पानं खुडलेल्या हातांचा,
कुठल्याच साबणाला न जुमानलेला.
मी तो ओळखला.
आईच्या हातांवर तोच होता.

ते मी बोलले नाही.
हेही बोलले नाही की
आमच्या गावची यादी मला पाठ आहे :
एकशे बारा घरं, डावीकडे जुनी नावं, उजवीकडे नवी,
आणि तळाशी, जाड निबाची, जराशी तिरकी, त्यांची सही.
डावीकडे शेफिका. उजवीकडे स्तेफ्का.
एवढ्याशा फरकाला रात्रभर दोन ट्रक शिपाई लागले.
आजोबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती,
त्यांचंही बदललं.
दगडावरचं खरवडायला शाळामास्तर आला,
त्याला हातोडी धरता येईना.

माणूस वाईट होता का?
शनिवारी ड्रायव्हर लुव्सानच्या पोराला गणित शिकवायचा.
गावाकडून गुलाबाच्या मुरांब्याची बरणी आली की
सात वाट्या मांडायचा,
सातवी फाटकावरच्या पहारेकऱ्याची.
मी माझी वाटी चाटून पुसून संपवायचे
आणि रात्री स्वतःवरच चिडायचे.

एकदा तिथल्या परराष्ट्र खात्याकडून त्यांचं ओळखपत्र आलं.
कुणा कारकुनानं सुबक अक्षरात
द्राग्नेवचं दार्गानेव केलं होतं.
ते माझ्या टेबलाशी आले, कागद दिव्याखाली धरला.
"हा मी नाही."
"दुरुस्तीचं पत्र पाठवू?"
"पाठव. तातडीचं."
मी तातडीचा शिक्का मारला.
जरा जोरातच बसला असेल.

मग तारांवर तारा.
आधी सरचिटणीस गेले, मग त्यांची तसबीर,
मग देशाच्या नावातला 'लोक' हा शब्द.
राजदूत स्वतः स्टुलावर चढून
दारावरची पितळी पाटी उतरवू लागले.
चौथा स्क्रू गंजलेला. त्यांनी त्याला शिव्या घातल्या,
अस्सल आमच्या डोंगरातल्या,
तंबाखूच्या शेतात बायकाही देतात तसल्या.
मला हसू फुटलं. त्यांनाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात
पेन्शनसाठी त्यांनी आपली कारकीर्द सांगितली.
युवक संघटना. तंबाखू सहकारी संघ. पक्षशाळा, दोन वर्षं.
मी टंकत गेले.
"जिल्हा सचिव असताना केलेली कामं?"
ते खिडकीबाहेर बघत राहिले.
खाली लुव्सान गोठलेल्या इंजिनाखाली शेगडी सरकवत होता.
"पूल," ते म्हणाले. "एक दवाखाना.
वरच्या वाड्यांना वीज."
मग बराच वेळ काहीच नाही.
"आणि?"
"तू कुठल्या गावची गं, स्तेफ्का?"

मी गावाचं नाव सांगितलं.
जुनं.

त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले,
आत गरम होत असल्यासारखे.
"दोन ओळी जागा सोड," म्हणाले.

सोडल्या.
पेन्शनच्या कारकुनाला वाटलं असेल,
फीत सरली होती.